बेपत्ता बोका आणि बंदिवान कप्तान

घरातले मांजर नाहीसे झाले की पहिल्या रात्री आपण दाराशी दुधाची बशी ठेवतो, दुसऱ्या दिवशी माळ्यावर, जिन्याखाली आणि शेजाऱ्यांच्या परसात हाका मारीत हिंडतो, आणि तिसऱ्या दिवसापासून कोणावर तरी संशय घेऊ लागतो. या मनुष्यस्वभावाचा एक दाखला इतिहासात नमूद आहे. तो १८०४ सालचा असून मॉरिशस बेटावरचा आहे. ज्या बेटावर पुढे कोकणातली आपली माणसे उसाच्या मळ्यांत राबावयास गेली, तेच हे बेट. त्या वेळी ते फ्रेंचांच्या ताब्यात होते.

डिसेंबर १८०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज आरमारी अधिकारी एका गळक्या, लहानशा गलबतातून तेथे येऊन पोहोचला. ऑस्ट्रेलिया खंडाला जलमार्गाने प्रदक्षिणा घालून त्याने तेथील किनाऱ्याचे नकाशे तयार केले होते. त्याच्याबरोबर ट्रिम नावाचा बोका होता: अंगाने काळा, पंजे पांढरे, छातीवर पांढरी चांदणी. १७९९ साली भर हिंदी महासागरात, जहाजावरच त्याचा जन्म झाला. लहानपणी तो समुद्रात पडे. पण पोहावयास शिकला आणि वरून दोर सोडला की त्याला धरून सरसर वर येई. ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा त्याने धन्याबरोबर केली, आणि ऑगस्ट १८०३ मध्ये प्रवाळाच्या खडकावर जहाज फुटले त्या प्रसंगातूनही तो बचावला.

समुद्राने ज्याला सोडले, त्याला जमिनीने गिळले. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात पुन्हा युद्ध पेटले होते. फ्लिंडर्सजवळचा फ्रेंच परवाना ‘इन्व्हेस्टिगेटर’ या जहाजाच्या नावाचा, आणि तो आला ‘कंबरलंड’मधून! एवढ्यावरून गव्हर्नर जनरल दकाँ यांस तो हेर वाटला. (सरकारी नोकरीत असल्यामुळे मला कागदावरच्या एका नावाची ही ताकद पुरती ठाऊक आहे.) फ्लिंडर्स नजरकैदेत पडला तो १८१० च्या जूनपर्यंत. खुद्द नेपोलियनने १८०६ मध्ये त्याची सुटका मंजूर केली होती; तरीही.

कैदेत पहाऱ्यावरचे शिपाई बोक्याला काही अपाय करतील, ही धास्ती फ्लिंडर्सला वाटू लागली. एका फ्रेंच बाईने आपल्या लहान मुलीला सोबत म्हणून त्याला मागितले, तेव्हा त्याने तो देऊन टाकला. पंधरवड्यातच बेटाच्या सरकारी पत्रात जाहिरात आली: बोका बेपत्ता आहे, आणून देणाऱ्यास दहा स्पॅनिश डॉलर बक्षीस. फ्लिंडर्स पन्नासही आनंदाने मोजावयास तयार होता. पण शोधाला यश आले नाही.

पुढे १८०९ मध्ये, कैदेतच, त्याने ट्रिमचे एक छोटे चरित्र लिहिले. ते थट्टेच्या सुरात सुरू होते आणि शोकात संपते. त्याच्या अखेरीस तो तर्क करतो की, कोणा भुकेल्या गुलामाने ट्रिमला शिजवून खाल्ले असावे.

येथे मी थबकतो. या आरोपाला पुरावा काय? कोणी पाहिले नाही, कातडे सापडले नाही, कोणाची जबानी नाही. केवळ संशयावरून आपल्याला वर्षानुवर्षे कोंडून ठेवले, अशी ज्याची जन्माची तक्रार, त्यानेच एका निनावी माणसाला संशयावरून दोषी ठरवून टाकले. त्या बेटावर मळ्यांतून पळालेल्या गुलामांचाही शोध चाले. त्यांना पकडण्यासाठी हत्यारबंद तुकड्या रानात शिरत. त्यांची उपासमार खरी होती. पण भूक हा चोरीचा पुरावा नव्हे.

मला दुसरीच शक्यता अधिक संभवनीय वाटते. मांजर परक्या घरात नेले की ते बहुधा पळते, आणि पळून फार लांब जात नाही. जवळच कोठे तरी दडते आणि भीतीने हाकेलाही ओ देत नाही. हरवलेल्या १,२१० मांजरांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जी सापडली, त्यांपैकी तीन चतुर्थांश निसटल्या जागेपासून ५०० मीटरांच्या आत होती. बक्षिसापेक्षा कोनाकोपरा स्वतः पालथा घालणे हाच खरा उपाय. ट्रिमला ज्याचा आवाज ओळखीचा होता, तो एकटा माणूस मात्र पहाऱ्यात होता.

सुटून इंग्लंडला परतल्यावर फ्लिंडर्स फार जगला नाही. त्याचा प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्याच दिवशी, १९ जुलै १८१४ रोजी, चाळिसाव्या वर्षी तो वारला. मग त्याची कबरच हरवली! लंडनच्या यूस्टन स्थानकाजवळ रेल्वेच्या खोदकामात, शवपेटीवरच्या शिशाच्या पत्र्यामुळे, ती जानेवारी २०१९ मध्ये सापडली, आणि जुलै २०२४ मध्ये त्याच्या जन्मगावी, डॉनिंग्टन येथे, त्याचे पुन्हा दफन झाले. ट्रिमचे चरित्रही त्याच्या कागदपत्रांत दीडशेहून अधिक वर्षे पडून होते. ते १९७३ साली प्रथम छापले गेले.

सिडनीच्या ग्रंथालयाबाहेर फ्लिंडर्सचा पुतळा आहे. १९९६ पासून त्याच्या पाठीमागे, खिडकीच्या दगडी कट्ट्यावर, ब्राँझचा ट्रिम एक पंजा उचलून उभा आहे.