करवतीचा वाकडा दात

यंदा मखराच्या कामात पावसाने भिजलेल्या फळीत करवत अशी रुतली की दोघांनी ओढूनही हलेना. आमच्यातल्या जुन्या सुतारकाकांनी पाते डोळ्यांसमोर धरले. "धार आहे, दातांचा बाक गेलाय," म्हणाले. पकडीने एकेक दात आलटून-पालटून वाकवला आणि तीच करवत सरसर चालू लागली. या बाकाचा इतिहास शोधताना आम्ही थेट इजिप्तला पोहोचलो.

तिथे सुमारे ५,००० वर्षांपूर्वी तांब्याच्या करवती होत्या. तांबे मऊ, रेटले तर पाते दुमडायचे. म्हणून दातांची तोंडे मुठीकडे ठेवून करवत ओढत. पुढे पोलादाची मजबूत पाती आली आणि युरोपात रेटून कापणाऱ्या करवती रूढ झाल्या. जपानी सुतार मात्र आजही ओढूनच कापतात. त्यामुळे पाते पातळ चालते आणि लाकूड कमी वाया जाते.

दुसरी अडचण भुशाची. ओल्या लाकडाचा भुसा दातांत भरतो, म्हणून दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवतात, असे पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो. त्यामुळे भुसा बाहेर पडतो, खाच पात्याहून रुंद होते आणि पाते अडकत नाही. काकांचा उपाय एकोणीसशे वर्षांहून जुना निघाला!

तिसरी गोष्ट आकाराची. लाकूड म्हणजे तंतूंची जुडी. उभे चिरायला दात पटाशीसारखा हवा, समोरची कड जवळजवळ सरळ. आडवे कापताना तंतू आधी तोडावे लागतात. तिथे मागे कललेला, सुरीसारखा तिरका घासलेला दात लागतो. दात पुढे झुकलेला असेल तर जोर कमी लागतो, पण तो खोल घुसून अडकतो. मागे कललेला असेल तर जोर जास्त लागतो, चाल मात्र सुरळीत राहते.

१९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने बुंध्यात एक अळी पाहिली. तिचे जबडे डावी-उजवीकडे चालत आणि ती लाकूड उभे-आडवे सहज कुरतडत होती. तिच्यावरून त्याने यंत्रकरवतीच्या साखळीला वळणदार दात दिले आणि १९४७ पासून त्या साखळ्या विकायला सुरुवात केली. आजच्या साखळ्यांचे मूळ तिथेच आहे.

हल्ली बाजारात कडक केलेल्या दातांच्या करवती मिळतात. त्यांच्यावर कानस चालत नाही. बोथट झाली की फेकायची. दात लावण्याची विद्याही अशीच मागे पडते आहे. म्हणून पुढच्या मखराआधी आमच्यातली दोन मुले काकांजवळ कानस घेऊन बसणार आहेत.