माळ आणि पड : रहिमतपूर परिसरातील गवताळ भूमीचा इतिहास

कृष्णेच्या पूर्वेस वसलेल्या रहिमतपूरचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा रणदुल्लाखानाच्या नावाशी जोडलेली कबर, मशीद आणि हत्तीकरवी पाणी चढविण्यासाठी बांधलेला बुरूज यांवरच स्थिरावते. १८८५ च्या सातारा गॅझेटियरातही या वास्तूंची नोंद आहे. गावाभोवतीच्या माळांनाही इतिहास आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

महाबळेश्वरच्या अतिवृष्टीचा व माणदेशातील अवर्षणाचा प्रदेश यांच्यामध्ये हा टापू येतो. नदीकाठी काळी जमीन व बाभळी, तर वर्धनगडाच्या रांगेकडे मुरमाड चढ. या चढांवर दाट अरण्य नाही. तेथे कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल ही गवते व तुरळक झुडपे आहेत. सह्याद्रीच्या पठारांवर व माळांवर कंदीलपुष्पाच्या जातीच्या काही वेली आढळतात. त्यांचे कंद गुराखी खात आले. पावसाळ्यात ज्या भूमीवर इतके जीवन उगवते तिला उजाड म्हणणे हा उन्हाळ्यात प्रवास करणाऱ्याचा अभिप्राय होय.

गावकऱ्यांची भाषा याबाबत अधिक काटेकोर होती. नांगरून विसाव्यास टाकलेली ती ‘पड’. जी मुळातच नांगराची नव्हे तो ‘माळ’. राखून ठेवलेले गवत ते ‘कुरण’. गावच्या गुरांचे ते ‘गायरान’. कुसळीस कुसळे धरण्यापूर्वीच ती कापावी लागे. नंतर ती गुरांच्या तोंडास व मेंढ्यांच्या लोकरीस बाधक ठरे. धनगरांच्या मेंढ्या शेतात बसविल्या की त्यांच्या लेंडीने काळीस खत मिळे, व त्या बदल्यात धनगरास धान्य. माळ आणि शेत यांचा हा व्यवहार होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या आंबा-फणसांस हात लावू नये अशी ताकीद आहे. तथापि त्यावरून सर्व जुने राज्यकर्ते वनरक्षक होते असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. त्याच आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचीही व्यवस्था सांगितली आहे.

१८४८ साली राजे शहाजी निवर्तल्यावर सातारा संस्थान खालसा झाले. मुंबई इलाख्यात त्यापूर्वीच, १८४७ मध्ये, अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. गिब्सन व डॅल्झेल यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ चा. वनस्पतींची नावे लिहिणारी मंडळीच वनांचा कारभार पाहत होती, हा योग विचार करण्याजोगा आहे. पुढे १८७८ च्या कायद्याने वनांची राखीव, संरक्षित अशी वर्गवारी झाली. याच सुमारास, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनवर दुष्काळ कोसळला होता. जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण रहिमतपूरच्या ईशान्येस, खटाव तालुक्यात आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) यात, डोंगर-गायराने जंगलखात्याने घेतल्याने गरिबांच्या जनावरांस चरण्यास जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार येते.

स्वातंत्र्यानंतर शब्द बदलले, दृष्टी फारशी बदलली नाही. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने एकतृतीयांश भूमी वनाखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९८२ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण विभाग निघाला. माळांवर गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी अशी परकी झाडे लागली. सावलीखाली उन्हाचे गवत टिकत नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील कासचे पठार २०१२ साली जागतिक वारशात गेले ते त्याच्या फुलांमुळे. कुसळीस असे भाग्य लाभणे कठीण; कागदोपत्री तिची भूमी आजही ‘पडीक’ या सदरात पडते.