टाळ्या कधी थांबल्या?

सिम्फनीच्या मैफलीला पहिल्यांदा जाणाऱ्याला आधी एक ताकीद मिळते : सगळे भाग वाजून होईपर्यंत टाळी वाजवायची नाही. हा दंडक आता इतका पक्का झाला आहे, की तो मोझार्ट-बेथोवनपासूनच चालत आला असावा असे वाटते. पण त्या दोघांनी असे गप्प बसणारे श्रोते पाहिलेच नव्हते.

जून १७७८ मध्ये पॅरिसला मोझार्टची नवी सिम्फनी झाली. त्या मैफलीची हकीकत त्याने पत्रातून वडिलांना कळवली आहे. पहिल्या भागातली एक जागा लोकांना हमखास आवडणार, हे त्याला ठाऊक होते. ती येताच वादन चालू असतानाच टाळ्या पडल्या. तीच जागा त्याने त्या भागाच्या शेवटी पुन्हा आणली होती. अखेरचा भाग त्याने नुसत्या व्हायोलिनांवर, अगदी हळू सुरू केला. श्रोत्यांनी एकमेकांना ‘श्श’ करून गप्प केले आणि सगळी वाद्ये एकदम कडाडताच पुन्हा टाळ्या! दाद कुठे येणार, याचा अंदाज बांधूनच त्याने ही रचना केली होती.

डिसेंबर १८१३ मध्ये व्हिएन्नात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत बेथोवनची सातवी सिम्फनी प्रथमच वाजली. तिच्या दुसऱ्या भागाला तिथल्या तिथे वन्समोअर मिळाला आणि तो भाग पुन्हा वाजवला गेला. १८२४ मध्ये नववी सिम्फनी झाली तेव्हा बेथोवनला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. कॅरोलिना उंगर या गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळवले, तेव्हा त्या टाळ्या त्याला डोळ्यांनी पाहता आल्या.

मग शांतता आली कुठून? सिम्फनी ही एकसंध कृती आहे, ही जाणीव एकोणिसाव्या शतकात वाढत गेली. मेंडेल्सोनची ‘स्कॉटिश’ सिम्फनी १८४२ मध्ये लाइपझिगला झाली. तिचे भाग मध्ये न थांबता सलग वाजवावेत, अशी त्याची सूचनाच होती. वाग्नरने १८८२ मध्ये बायरॉइटला ‘पार्सिफाल’ हा ऑपेरा सादर केला आणि पडद्यापुढे कलाकारांना बोलावू नका, असे सांगितले. लोकांनी त्याचा अर्थ टाळ्याच नकोत असा घेतला. नंतरच्या एका प्रयोगात खुद्द वाग्नरने ‘ब्राव्हो’ म्हटले, तर श्रोत्यांनी त्यालाच गप्प केले! फिलाडेल्फियाचा कंडक्टर स्टोकोव्स्की १९२९ मध्ये टाळ्या पूर्णच बंद करायला निघाला होता. तिथल्या श्रोत्यांनी मात्र टाळ्यांच्या बाजूने कौल दिला. भागांच्या मधली शांतता रुळली ती विसाव्या शतकात.

या शांततेचे मोल मी कमी लेखत नाही. मंद सुरांचा भाग विरत असताना सभागृह श्वास रोखून बसते, तो अनुभव घरच्या स्पीकरवर मिळत नाही. पण बेथोवनने स्वतः काय केले, तेही पाहावे. पाचव्या सिम्फनीत तिसरा भाग संपतच नाही. तालवाद्याचा दबका ठेका आणि त्यावर व्हायोलिन चढत चढत थेट चौथ्या भागाच्या जल्लोषात शिरतात. सहाव्या सिम्फनीचे शेवटचे तीन भागही असेच जोडलेले आहेत. जिथे खंड नको होता, तिथे त्याने टाळीला फटच ठेवली नाही. बाकीच्या ठिकाणी ठेवली.

मुंबईत २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये त्याच्या मैफली होतात. तिथे येणाऱ्या मराठी रसिकाला बैठकीत समेवर ‘वाहवा’ म्हणायची सवय असते. त्याने नियमाच्या धाकाने घरी बसू नये. जरूर जावे, वादन चालू असताना शांत राहावे. आणि पहिल्या भागानंतर शेजारच्या नवख्याने टाळी वाजवलीच, तर नेहमीच्या श्रोत्यांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहू नये. बेथोवनला त्या टाळीचे वावडे नव्हते.