ऐंशी मिनिटांवरचा आक्षेप

‘येस’ या इंग्लिश बँडचा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा जोडअल्बम डिसेंबर 1973 मध्ये बाजारात आला. तेव्हापासून तो आरोपीच्या पिंजऱ्यातच उभा आहे. समीक्षकांच्या पिढ्या बदलल्या, श्रोत्यांच्या बदलल्या. आरोपपत्र मात्र तेच राहिले. प्रोग्रेसिव्ह रॉकवर प्रेम करणारे जाणकारही या अल्बमचे नाव निघाले की ओशाळवाणे हसतात. ज्याने तो कधी सलग ऐकलेला नाही, त्यालाही तो फुगवलेला आहे हे ठाऊक असते.

पूर्वपक्ष असा. दोन तबकड्या, चार बाजू, दर बाजूला एकच रचना, सगळी मिळून सुमारे 81 मिनिटे. आदल्याच वर्षी ‘क्लोज टू द एज’ ही दीर्घ रचना ज्यांनी एका बाजूत नेमकी बसवली, त्यांनी यशाच्या धुंदीत तोच साचा चार वेळा ओतला. मजकूर एका तबकडीपेक्षा थोडा जास्त, दोन तबकड्यांपेक्षा बराच कमी. उरलेली जागा भरताड घालून भरली. कल्पना उसनी, तीही एका तळटीपेतून. खुद्द कीबोर्डवादक रिक वेकमनला हे काम रुचले नाही आणि 1974 मध्ये तो बँड सोडून गेला. ‘द रिमेम्बरिंग’ ही दुसरी बाजू तर बँडनेच अमेरिकेच्या दौऱ्यात गाळून टाकली. आणि अखेरचा आरोप: या अतिरेकानेच प्रोग्रेसिव्ह रॉकची कबर खणली आणि पंकला वाट करून दिली.

आरोप भक्कम वाटतात. एकेक तपासू.

तळटीपेपासून सुरुवात करतो, कारण तो आक्षेप आपल्या अंगणातला आहे. गायक जॉन अँडरसनच्या हाती परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र आले ते ‘किंग क्रिम्सन’च्या जेमी मुइरमुळे, दोघांची भेट झाली ती ‘येस’चा माजी ड्रमर बिल ब्रुफर्ड याच्या लग्नसमारंभात. (हेच पुस्तक मराठीत ‘योगी कथामृत’ म्हणून अनेक घरांत आहे.) टोकियोच्या हॉटेलात वाचताना 83व्या पानावरच्या टिपेवर त्याची नजर थबकली. तिथे श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र असे शास्त्रांचे चार वर्ग सांगितले होते. चार वर्ग, चार बाजू. आपल्याकडचा सुशिक्षित श्रोता इथे नाक मुरडतो: एवढ्या वाङ्मयाचे ज्ञान एका टिपेवर?

पण प्रेरणेचे माप तिच्या उगमाच्या आकारावरून घ्यायचे, हा न्याय कुठला? ग्योटेला संस्कृत येत नव्हते. ‘शाकुंतल’ त्याने जर्मनमध्ये वाचले, तेही जोन्सच्या इंग्रजी भाषांतरावरून फोर्स्टरने केलेले. म्हणजे भाषांतराचे भाषांतर. तरी ‘फाउस्ट’च्या आरंभीचा रंगमंचावरचा प्रवेश कालिदासाच्या प्रस्तावनेवरून सुचला, असे आपणच अभिमानाने सांगत आलो. तिथे अभिमान आणि इथे उपहास, असे का? अँडरसनने भाष्य लिहिल्याचा दावा केला असता तर त्याची झाडाझडती योग्य ठरली असती. त्याने संगीत रचले. संगीताची झडती संगीतातच घ्यावी.

आता साक्षीदार. वेकमनची साक्ष वजनदार आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. भरताडाचा मुद्दा मुळात त्याचाच. मँचेस्टरच्या मैफलीत रंगमंचावरच बसून आपण करी खाल्ली, हा किस्साही तो रंगवून सांगतो. (या प्रकल्पातला अस्सल भारतीय अंश तेवढाच, असे कोणी म्हटले तर मी हसेन, रागावणार नाही.) पण साक्षीदाराची रुची तपासायला नको का? लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण चालू असताना तो तिथेच काम करणाऱ्या ‘ब्लॅक सब्बाथ’च्या एका गाण्यात वाजवून आला. मन दुसरीकडे होते. बरे, ते कशात होते? जानेवारी 1974 मध्ये, ‘टेल्स’ येऊन महिना-दीड महिना होतो न होतो तोच, त्याने ज्यूल व्हर्नची पृथ्वीच्या पोटातली सफर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, गायकवृंद आणि निवेदक यांच्यासह रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये सादर केली. पुढच्या वर्षी आर्थर राजाच्या कथा वेम्ब्लीत चक्क बर्फावर, स्केटिंगसह! त्या कामांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पहिल्याची तर मला गोडीच आहे. पण या कलावंताची अडचण भव्यतेशी होती, असे आता कोणता न्यायाधीश मानेल? त्याला नको होती ती या विशिष्ट संगीताची सैल, शोधत जाणारी पद्धत. हा रुचिभेद झाला. रुचिभेद हा दोषाचा पुरावा नव्हे.

उलट, त्याच्याविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा त्याच्याच बोटांनी ठेवला आहे, आणि तो नेमका त्या गाळलेल्या दुसऱ्या बाजूवर. मुख्य आक्षेप लांबीचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

‘द रिमेम्बरिंग’ सुरू होते ती एका साध्या, जवळजवळ अंगाईसारख्या चालीने. काही वेळाने ताल मागे सरतो आणि वेकमनचा मेलोट्रॉन एकटा पसरत जातो. हे वाद्य म्हणजे कळ दाबली की टेपवर आधीच मुद्रित केलेला व्हायोलिनचा किंवा बासरीचा स्वर वाजवणारे यंत्र. दर कळीमागे टेपचा एक तुकडा, सुमारे आठ सेकंदांचा. तो संपला की स्वर बंद. कळ सोडून पुन्हा दाबावी लागते. म्हणून या वाद्यावर लांब स्वरपट विणायचा तर बोटे सतत बदलत राहावी लागतात, आणि त्या बदलाची किंचित थरथर स्वरात उतरते. स्वर येतो, विरतो, जरा वेगळा होऊन परततो. मध्येच गिटार आणि बेस झपाट्याने आत घुसतात, लय उभी राहते, पुन्हा मोडते. शेवटी सुरुवातीच्या चालीचे वळण सगळ्या वाद्यांसह, रुंद होऊन उभे राहते.

ती मधली ‘रिकामी’ मिनिटे कापून पाहा. शेवटची परत भेट उरेल, पण परत येण्यासाठी आधी जे दूर जावे लागते तेच उरणार नाही. विषय आठवणीचा आहे. विसरायला वेळच दिला नाही तर आठवायचे काय? भरताड म्हणजे जे काढले तरी बाकीचे तसेच राहते ते. इथे काढले की बाकीचे कोसळते.

दौऱ्यात ही बाजू गाळली, हे खरे. मोठ्या दिवाणखान्यात शोभणारा पडदा मैदानात लावत नाहीत. अमेरिकेतल्या अवाढव्य सभागृहांत, नवा अल्बम जेमतेम ऐकलेल्या गर्दीसमोर, मंद रचना तग धरत नाहीत. म्हणून ती रचना नव्हे, असे ठरत नाही. उलट ‘रिच्युअल’ ही चौथी बाजू मैफलीत आणखी वाढली: ‘येसशोज’ या अल्बमवर ती सुमारे 29 मिनिटांची आहे. लांबीच नकोशी होती, तर ती वाढवली कुणी, आणि ऐकली कुणी?

इथे आपल्याच बाजूच्या एका वकिलाला खाली बसवले पाहिजे. ‘हे तर आपल्या विलंबित ख्यालासारखे, त्याला वेळ द्यावाच लागतो,’ असा बचाव आपल्याकडचे रॉकप्रेमी आवडीने करतात. बचाव चुकीचा आहे. ख्यालात एका रागाची बढत होते; इथे बेतलेले, एकमेकांपासून वेगळे खंड आहेत, स्वरकेंद्र बदलते, हार्मनी हा कणा आहे. ‘द एन्शन्ट’ या तिसऱ्या बाजूत स्टीव्ह हाउची स्टील गिटार आणि अ‍ॅलन व्हाइटचे तालवाद्य कितीतरी वेळ कर्कश, तुटक, अडखळत्या मात्रांत झुंजतात, आणि मग अचानक सगळे थांबून एकटी नायलॉन तारांची गिटार उरते. हा विरोधाचा शिल्पविचार आहे, बढतीचा नव्हे. या अल्बमला उसन्या प्रतिष्ठेची गरज नाही.

मान्य करायचे ते मान्य करतो. अँडरसनचे शब्द अनेकदा नादासाठी अर्थाला वाऱ्यावर सोडतात. तिसऱ्या बाजूचा पूर्वार्ध दमवतो. मूळ तबकडीवरचे मिश्रण गढूळ आहे. 2016 मध्ये स्टीव्हन विल्सनने नव्याने केलेल्या मिश्रणात वाद्ये सुटी-स्वच्छ ऐकू येतात, आणि भरताड म्हणून हिणवलेल्या बऱ्याच जागा आधी नीट ऐकूच येत नव्हत्या हे लक्षात येते. पण शब्द धूसर आहेत म्हणून रचना सैल, ही उडी तर्काची नव्हे.

उरला कबरीचा आरोप. त्याला तारखाच पुरेत. आगाऊ मागणीवरच ब्रिटनमध्ये सुवर्णदर्जा मिळवलेला हा अल्बम तिथे दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. डिसेंबर 1973 ते लंडनचे पंक यांत तीन वर्षांचे अंतर आहे. या काळात ‘येस’ने ‘रिलेयर’ काढला. त्याचीही एक आख्खी बाजू एकाच रचनेने भरलेली, आणि तोही ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत चढला. आणि 1977 च्या उन्हाळ्यात, पंकचा गाजावाजा टिपेला पोहोचला असताना, ब्रिटिश यादीत दोन आठवडे पहिला क्रमांक कोणाचा होता? ‘येस’च्या ‘गोइंग फॉर द वन’चा. त्यात ‘अवेकन’ नावाची पंधरा मिनिटांची रचना आहे. तिच्यात चर्चचा ऑर्गन वाजवतो तो रिक वेकमन. तो परत आला होता.