प्रबंधावरचं विद्यापीठाचं नाव नीट वाचा

जुने प्रबंध चाळताना १९९४ पूर्वीच्या प्रतींवर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' दिसेल. ते आपलंच विद्यापीठ. संदर्भ देताना प्रतीवर छापलंय तेच नाव लिहा. पण ते बदललं कसं, हेही माहीत असू द्या.

निजामाच्या काळात आपल्याकडचं उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी (स्थापना १९१८) बांधलेलं होतं. माध्यम उर्दू. म्हणजे आपल्या मराठी मुलांना शिकायचं तर घरही सोडायचं आणि भाषाही. गंमत बघा, उस्मानाबाद आणि उस्मानिया ही दोन्ही नावं एकाच निजामाची! पुढे १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच आजचं मिलिंद. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंचा खून झाला. विद्यार्थी मोर्चे काढत राहिले, तुरुंगात गेले. अखेर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं!

२००४ पासून धाराशिवलाच विद्यापीठाचा उपपरिसर आहे. एम.एस्सी.साठी सुमारे २५० किमी दूर खोली करून राहणं ज्यांच्या घरच्यांना झेपत नाही, त्यांना यानं काय दिलं ते वेगळं सांगायला नको. पेटचा अर्ज भरताना विद्यापीठाचं नाव पूर्ण लिहा, 'बामू' नको.