बारदानाची नस्ती आणि रंगनाथन

दिल्लीत उपसचिव असताना बारदानाच्या दरासंबंधीचा एक जुना निर्णय मला हवा होता. तीन दिवस तो सापडला नाही. वस्त्रोद्योगाच्या नोंदीत तो ‘ताग’ या शीर्षाखाली होता, अन्नविभागात ‘धान्यखरेदी’खाली, वित्तविभागात ‘अनुदान’खाली. ‘बारदान’ हा शब्द एकाही सूचीत नव्हता.

कागदाला एकच घर देण्याची ही सवय ग्रंथालयांतही होती. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत विषयांची यादी आधीच ठरलेली असे. पुस्तकाने त्यात आपली जागा शोधायची. मद्रास विद्यापीठात १९२४ साली ग्रंथपाल झालेले शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. प्रशिक्षणासाठी लंडनला गेले असता एका दुकानात त्यांनी मेकॅनोचे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. जोडणी बदलली की वस्तू निराळी. यातून १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. ‘भारतातील फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार’ हा विषय येथे यादीतून उचलायचा नसतो. अवयव, रोग, उपचार, स्थळ हे घटक जोडून तो रचायचा असतो. कोणता घटक कोणत्या नात्याने आला, हे विरामचिन्हच सांगते.

एक मर्यादा मात्र राहिली. पुस्तक एकाच फळीवर ठेवायचे असल्याने घटकांना एकच क्रम द्यावा लागे. संगणकाला फळी नाही. १९६० च्या दशकात रॉस क्विलियन यांनी शब्दांचे अर्थ बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या नामांकित रेषांच्या जाळ्यात मांडले. अशा आलेखात कोणत्याही बिंदूपासून शिरता येते. गूगलने २०१२ साली आपल्या शोधयंत्रामागे असाच ज्ञान-आलेख उभा केला, तेव्हा त्यात पन्नास कोटींहून अधिक वस्तू व व्यक्ती होत्या.

आपल्याकडे माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(क) ने अभिलेखांची रीतसर सूची ठेवणे बंधनकारक केले. परंतु नस्ती स्कॅन केली म्हणजे सूची झाली, असे अनेक कार्यालये धरून चालतात. ‘ताग – पासून बनते – बारदान’, ‘बारदान – लागते – धान्यखरेदीस’ एवढ्या दोन रेषा कोणी नोंदवल्या असत्या, तर माझे तीन दिवस वाचले असते. अर्जदार नागरिकाला तर तीन दिवसांनंतरही ‘अभिलेख उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर मिळते.

माझी नस्ती अखेर एका वयस्क कक्ष अधिकाऱ्याने काढून दिली. “सर, तो प्रश्न रबीच्या खरेदीत गोण्या कमी पडल्या तेव्हाचा,” ते म्हणाले आणि थेट तिसऱ्या कपाटाकडे गेले. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले.