पुसण्याचा हिशेब

फोन अडकायला लागला की कुणीतरी मित्र हमखास सल्ला देतो, ‘फॅक्टरी रीसेट मार.’ आपण मारतो. फोटो जातात, मेसेज जातात, अ‍ॅप जातात. पण फोन परत सुरू होतो तेव्हा अँड्रॉइड जागच्या जागी असतं. सगळं पुसलं, तर हे कसं उरलं?

याचं उत्तर फोनपेक्षा जुनं आहे. ते सापडलं कॅमेरे, राउटर अशा छोट्या यंत्रांत, जिथे लिनक्स चालायचं, पण हार्ड डिस्क नव्हती आणि लाईट कधीही जाऊ शकत होती.

सुरुवात चिपपासून करू. जपानमध्ये तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरी जगासमोर मांडली आणि १९८७ साली तिचा नँड हा प्रकार. वीज गेली तरी या चिपमधली माहिती टिकते. मात्र तिची एक अट आहे. कोऱ्या चिपमध्ये सगळे १ असतात. लिहिणं म्हणजे हव्या त्या १चा ० करणं. त्या शून्याचा परत १ करायचा, तर तेवढाच एक पुसता येत नाही, अख्खा ब्लॉक एका झटक्यात पुसावा लागतो. शाळेच्या पाटीवर एक अक्षर चुकलं म्हणून पूर्ण पाटी पुसावी, तसं. हे झटक्यात पुसणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं, म्हणून एका सहकाऱ्याने नाव सुचवलं ‘फ्लॅश’. म्हणजे नाव पडलं ते लिहिण्यावरून नव्हे, पुसण्यावरून.

आणि प्रत्येक पुसण्यात पाटी थोडी झिजते. त्या काळच्या चांगल्या चिपचा ब्लॉक साधारण एक लाख वेळा पुसला जाईल, असं धरलं जायचं. पुढे एकेका पेशीत जास्त माहिती कोंबून चिप स्वस्त झाल्या, तसा हा आकडा काही हजारांवर आला.

आता यावर जुन्या पद्धतीने फाइली ठेवल्या तर काय होईल? तेव्हाची लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम, एक्स्ट-२, हार्ड डिस्कसाठी लिहिलेली होती. फाइल बदलली की ती जुन्याच जागी नवं लिहायची. फ्लॅशवर ते करायचं म्हणजे ब्लॉक उचलून मेमरीत घ्यायचा, पुसायचा, बदलून परत लिहायचा. पुसल्यानंतर आणि लिहिण्याआधी लाईट गेली, तर जुनंही गेलं आणि नवंही. शिवाय रोज बदलणारी माहिती त्याच त्या ब्लॉकवर आदळून तो आधी मरणार.

स्वीडनमधल्या लुंड शहरातली अ‍ॅक्सिस कम्युनिकेशन्स ही कंपनी नेटवर्कला जोडायचे कॅमेरे बनवत होती. अशा यंत्राला कुणी ‘शट डाउन’ करत नाही, सरळ वायर उपटतात. १९९९ साली त्यांनी जेएफएफएस ही फाइल सिस्टीम खुली केली. तिची रीत आपल्याकडच्या दुकानदाराला लगेच कळेल, कारण ती रोजकीर्दीची आहे. रोजकीर्दीत मागची नोंद खोडत नाहीत. चूक झाली, भाव बदलला, तर शेवटी नवी नोंद करतात. वाचणारा ताजी नोंद खरी मानतो. लिहिता लिहिता लाईट गेली, तर फार तर शेवटची अर्धवट नोंद बाद, आधीचं सगळं शाबूत. बर्कलीत मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी हीच कल्पना डिस्कसाठी नव्वदीच्या सुरुवातीला मांडली होती. फ्लॅशवर तिला खरं घर मिळालं.

वही मात्र कधीतरी भरतेच. मग जुनी पानं रिकामी करायची. जेएफएफएस हे ओळीने करायची, त्यामुळे कधीच न बदलणारी माहितीही दर फेरीत उगाच हलायची. २००१ साली रेड हॅटमध्ये असलेल्या डेव्हिड वुडहाउस यांनी जेएफएफएस-२ लिहिली. ती शक्यतो जास्त कचरा साठलेला ब्लॉकच निवडते. पण मग न बदलणारी माहिती एका कोपऱ्यात वर्षानुवर्षं निवांत बसणार आणि झीज बाकीच्यांनाच सोसावी लागणार. म्हणून तिच्यात एक साधा नियम आहे. शंभरातून ९९ वेळा कचऱ्याचा ब्लॉक घ्यायचा आणि एकदा मुद्दाम स्वच्छ ब्लॉक उठवायचा. घरातल्या लाडक्यालाही महिन्यातून एकदा भांडी घासायला लावावीत, तसं.

दुसरी युक्ती राउटरमध्ये पक्की झाली. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरवरून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. त्या राउटरच्या बऱ्याच आवृत्त्यांत फ्लॅश होती फक्त ४ एमबी, म्हणजे आजचा एखादा फोटो. तिचे दोन भाग केले गेले. मूळ सिस्टीम दाबून-चेपून एका भागात ठेवली. तो फक्त वाचायचा, त्यावर कुणी लिहायचंच नाही. उरलेल्या जागेत जेएफएफएस-२ आणि वापरणाऱ्याने केलेले बदल. वरून दोन्ही मिळून एकच दिसतं. काही बिघडलं तर वरचा थर पुसायचा, खालचा मूळ थर तसाच राहतो. फॅक्टरी रीसेट म्हणजे हेच. तुमच्या फोनमध्येही सिस्टीम आणि तुमची माहिती अशीच वेगळ्या भागांत असते.

आतापर्यंत पुसण्याचा हिशेब लिनक्स स्वतः ठेवत होतं आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येत होता. मेमरी कार्डाने ते बदललं. सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी १९९९ साली एसडी कार्ड जाहीर केलं. त्यात चिपसोबत एक छोटा कंट्रोलर असतो. बाहेर तो साध्या डिस्कचं सोंग घेतो आणि कोणता ब्लॉक किती झिजला याची खतावणी आत, झाकून ठेवतो. फोटो आणि गाणी साठवायला हे उत्तम होतं.

मग २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला. स्वस्त ठेवायचा म्हणून बोर्डावर साठवण नाही, सगळं लिनक्स एसडी कार्डावर. फोटोसाठी बनलेल्या कार्डावर दिवसरात्र लॉगच्या चिल्लर नोंदी पडू लागल्या. शंभर अक्षरांच्या एका नोंदीसाठी कार्डाला आत त्याहून कितीतरी मोठा तुकडा हलवावा लागू शकतो. नेमकं तेव्हा लाईट गेली आणि कार्ड हलक्या प्रतीचं असलं, तर खतावणीच बिघडते. मग ज्या फाइलला कुणी हातही लावला नव्हता, तीही वाचता येत नाही. वरची फाइल सिस्टीम कितीही शहाणी असली तरी इथे तिचा इलाज चालत नाही.

म्हणून असा बोर्ड शेतात, गच्चीवर, शाळेत लावणारे लोक जुन्याच युक्त्यांकडे वळतात. सिस्टीमचा भाग फक्त वाचण्यापुरता. फाइल नुसती वाचली तरी तिची वेळ नोंदवायची लिनक्सची सवय ‘नोएटाइम’ने बंद. आपल्या मोजमापांना वेगळा भाग, ती जमवून ठरावीक वेळाने एकदाच लिहायची आणि एक प्रत दुसरीकडे पाठवायची. लॉग रॅममध्ये.

यातला शेवटचा सौदा सोपा नाही. लॉग रॅममध्ये ठेवला की कार्ड वाचतं, पण लाईट गेली की बोर्ड का पडला हे सांगणारा एकमेव साक्षीदारही जातो. काय टिकवायचं आणि काय विसरायला आपली हरकत नाही, हे आधी ठरवावं लागतं. ते कुठलीही फाइल सिस्टीम आपल्या वतीने ठरवत नाही.

मासुओका यांचाही एक हिशेब राहिला होता. आपल्या शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून त्यांनी २००४ साली तोशिबावर दावा लावला. २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. तोवर त्यांची चिप जगभरच्या खिशांत पोचली होती. पुढच्या वेळी ‘रीसेट’वर बोट ठेवाल, तेव्हा तीच पाटी पुसली जात असेल, ब्लॉकमागून ब्लॉक.